मुर्तिनीचा शेवटचा रोल

वयाने मी जुना आहे, मित्रांनो, पण माझा पडदा अजून वेळेवर उघडतो आणि वेळेवर मिटतो. मी फिल्मवर चालणारा कॅमेरा आहे. माझे अंग धातूचे, वर काळे कातडे, आणि कातड्याच्या उजव्या कोपऱ्यावर एक गुळगुळीत झालेली जागा आहे. तिथे मुर्तिनीचा अंगठा असायचा.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या बायकांनी माझे स्क्रू बसवले आणि मला पुठ्ठ्याच्या खोक्यात निजवले. डोळे उघडले ते जावा बेटावर, योग्याकार्ता शहरातल्या एका फोटो स्टुडिओत. तिथे मुर्तिनी नावाची तरुण मुलगी नोकरीला होती. मालकाने मला तिच्या गळ्यात अडकवले आणि म्हणाला, "हा पडला तर तूही पड, पण याच्या खाली." ती हसली. मी कधीच पडलो नाही.

आम्ही दोघांनी मिळून शहरातली लग्ने पाहिली. दुखणाऱ्या पायांनी तासन्‌तास उभ्या राहिलेल्या नवऱ्या पाहिल्या, शाळेच्या गटफोटोत हमखास डोळे मिटणारी मुले पाहिली. लोक मुर्तिनीचे कौतुक करायचे. ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणायची, "याचं करा. मी नुसती बटण दाबते." हे खरे नव्हते. पण कुणी स्तुती करत असताना मध्ये बोलणे बरे नव्हे, म्हणून मी गप्प राहिलो.

पुढे मोबाइल आले, स्टुडिओ बंद पडला, आणि मालकाने जाताना मला मुर्तिनीला देऊन टाकले. आता आम्ही कुणासाठीच काम करत नव्हतो. सकाळी ती मला घेऊन बेरिंगहार्जोच्या बाजारात जायची आणि विक्रेत्या बायकांचे कृष्णधवल फोटो काढायची. ते फोटो ती त्या बायकांनाच वाटून टाकायची, घरी एकही आणायची नाही. कृष्णधवल फिल्म ती मोठ्या गुंडाळीने आणायची आणि रंगीत रोलच्या रिकाम्या डब्यांत स्वतः भरायची, कारण त्या डब्या स्टुडिओतून आलेल्या होत्या आणि तिला काहीच फेकवत नसे. वरून डबी पिवळी, तिच्यावर रंगीत फिल्मचे नाव. आत मात्र काळे-पांढरे. बाहेरून कुणाला कळायचे नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा.

फिल्म भरायला पूर्ण अंधार लागतो. त्यासाठी मुर्तिनी तांदळाच्या कोठीत जायची आणि दाराखालच्या फटीत आतून लुंगी कोंबायची. तिच्या सासूबाईंना वाटायचे, सून पुन्हा रुसली. मग त्या स्वतः चुलीपाशी जायच्या, नारळाच्या दुधातला फणस शिजवायच्या आणि कोठीच्या दाराशी येऊन म्हणायच्या, "पुरे झालं गं. ये आता, गरम आहे." मुर्तिनी घाम पुसत बाहेर यायची आणि निमूट जेवायला बसायची. घरात मुलगी होती, पालुपी. तिलाही वर्षानुवर्षे हेच ठाऊक होते की आई फार रुसते.

मग मुर्तिनी आजारी पडली, आणि काही आठवड्यांत गेली.

मला कपाटाच्या वरच्या खणात ठेवले गेले. माझ्या पोटात तिने घातलेला शेवटचा रोल तसाच होता. मित्रांनो, कॅमेऱ्याला विसरणे म्हणजे काय असते ते मी तुम्हाला सांगू शकतो. दमट हवेत भिंगावर बुरशी धरते. माझ्या भिंगाच्या कडेलाही एक बारीक जाळे धरले. पण पोटातला अंधार मी जपला. उजेडाचा एक थेंब आत येऊ दिला नाही. ते माझे काम आहे, आणि ते मला चांगले जमते.

तिकडच्या घरांत माणूस गेल्यावर ठराविक दिवसांनी शेजारपाजार जमवून प्रार्थना करतात आणि प्रत्येकाच्या हातात प्रार्थनेची छोटी पुस्तिका देतात. मुखपृष्ठावर गेलेल्या माणसाचा फोटो असतो. ती पुस्तिका मग गल्लीतल्या घराघरांत वर्षानुवर्षे राहते. चाळिसाव्या दिवशी मुर्तिनीचा ओळखपत्रावरचा फोटो छापला होता. त्यात ती अशी दिसत होती की जणू समोरच्याने तिचे काहीतरी चोरले आहे. शेजारच्या एका बाईंनी पुस्तिका उलटसुलट करून विचारले होते, "ही कोण?" पालुपीने ते ऐकले होते. दुसरा फोटो नव्हताच. सगळ्यांचे फोटो काढणारी बाई स्वतः कशात सापडणार? मोबाइलमध्ये होती ती, पण प्रत्येक ठिकाणी तोंडासमोर हात.

आता हजाराव्या दिवसाची प्रार्थना जवळ आली होती. ती शेवटची. त्यानंतर पुस्तिका छापत नाहीत.

अशात पालुपी बाजारात टेम्पे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, आणायला गेली. टेम्पे विकणारी जुमिनाह मुर्तिनीची मैत्रीण. केळीच्या पानात पुडी बांधता बांधता तिने विचारले, "आणि माझा फोटो कसा आला गं?"

"कुठला फोटो, मावशी?"

"अगं, तुझ्या आईने ते काळं यंत्र माझ्या हातात दिलं होतं ना. म्हणाली, जुमिनाह, आज तू काढ, इथे दाब. मी दाबलं. ती इथेच बसली होती, या पाटावर. नंतर ती आलीच नाही, मग विचारू कुणाला?"

पालुपी टेम्पे तिथेच विसरून घरी आली आणि तिने मला कपाटातून खाली उतरवले.

हे सगळे मला ठाऊक होते. तो फोटो मीच तर घेतला होता. जुमिनाहचा हात हलला होता, पण मी सांभाळून घेतले होते. आता तो माझ्या पोटात होता, फिल्मवर, न उमटलेला. फिल्म एकदाच धुता येते. चुकीच्या औषधात पडली तर दुसरी संधी नसते. आणि मला तोंड नाही.

पालुपी आधी मोठ्या रस्त्यावरच्या चकचकीत दुकानात गेली. काउंटरवरचा माणूस मान वर न करता म्हणाला, "ठेवून जा. आम्ही राजधानीला पाठवतो. फोटो मोबाइलवर येतील."

"आणि फिल्म?"

"फिल्म कशाला? फोटो आल्यावर टाकून देतात तिकडे."

पालुपीने मला परत पिशवीत घातले. मी सुटकेचा श्वास टाकला असता, पण आम्ही श्वास घेत नाही.

मग ती हार्तोनोकाकांकडे गेली. हे मुर्तिनीबरोबर स्टुडिओत कामाला होते. आता त्यांचे स्वतःचे दुकान आहे आणि मागे रंगीत फिल्म धुण्याचे एक जुने मशीन. त्यांनी मला ओळखले. "अरे! हा अजून जिवंत?" म्हणत त्यांनी माझी कळ दाबली, दांडा फिरवून रोल गुंडाळला आणि पाठ उघडून पिवळी डबी बाहेर काढली.

"रंगीत आहे. ठेव. शनिवारी मशीन गरम करतो, त्यातच सोडून देतो."

मित्रांनो, मी काउंटरवर पडलो होतो आणि माझ्या भिंगापासून वीतभर अंतरावर मुर्तिनीचा चेहरा पिवळ्या डबीत बंद होता. कृष्णधवल फिल्ममध्ये चित्र असते ते चांदीचे. रंगीत फिल्मच्या औषधात ती चांदी धुऊन जाते आणि उरते एक कोरी पट्टी. हार्तोनोकाका वाईट माणूस नव्हते. डबीवर लिहिलेले वाचत होते, एवढेच.

पालुपीने हो म्हटले नाही. ती म्हणाली, "काका, मागच्या शनिवारी धुतलेल्या निगेटिव्ह बघू का?"

"निगेटिव्ह? फोटो बघ ना! नवरीची एक्स-रे प्लेट बघून लग्न ठरवतेस होय?"

"आई निगेटिव्हच बघायची."

ते पुटपुटत आत गेले आणि एक पट्टी घेऊन आले. पालुपीने ती दाराच्या उजेडात धरली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत केसासारखी सरळ रेघ गेली होती.

"ही रेघ कसली?"

"मशीनमधला एक रूळ खरबरीत झालाय. अगं, कुणी बघत नाही एवढं."

"मी बघतेय ना, काका."

हार्तोनोकाकांनी चष्मा काढून पुसला. "तुझी आई या एका रेघेवरून माझ्याशी अख्खा दिवस बोलली नसती," ते म्हणाले. "ती गेल्यापासून कुणी भांडतच नाही बघ. रूळ बदलायचा राहिला तो राहिलाच." मग त्यांनी डबी तिच्या तळहातावर ठेवली. "मागच्या गल्लीत जा. सायकल दुरुस्तीच्या वर एक पोरगी हाताने धुते. इंतान नाव. उद्धट आहे जरा, प्रश्नांनी जीव खाते. तुझं जमेल तिच्याशी."

जिना अरुंद होता. वर एकच खोली, खिडकीत दोरीला लटकणाऱ्या पट्ट्या, आणि कोपऱ्यात बर्फाची पिशवी, कारण तिकडच्या उकाड्यात औषधाचे पाणी थंड ठेवावे लागते. पालुपी काही बोलण्याआधी त्या पट्ट्यांपाशी गेली आणि एकेक उजेडात पाहू लागली. इंतान हात पुसत शांतपणे बघत उभी राहिली.

"सापडली का रेघ?"

"नाही."

"मग आता माझी पाळी. रोल किती जुना? कुठे ठेवला होता? कुणी काढला?"

"आईने. ती आता नाही."

इंतानने मान हलवली आणि आवाज खाली आणला, पण प्रश्न थांबवले नाहीत. "डबी त्यांनी विकत आणली होती की घरी भरलेली?"

"घरी? घरी कशी भरतात?"

"थांबा, ताई. आधी हाताने बघते." ती डबी घेऊन अंधाऱ्या खोलीत गेली. मी टेबलावर होतो. बाहेरच्या सायकलवाल्याची हातोडी ऐकू येत होती. थोड्या वेळाने आतून तिचा आवाज आला, "फिल्मच्या टोकाला चिकटपट्टी लागतेय. कारखान्याची नाही, कात्रीने कापून लावलेली." ती बाहेर आली. "ताई, वर रंगीत लिहिलंय, पण ही कुणीतरी अंधारात बसून भरलेली आहे. आत काहीही असू शकतं. तुमच्या घरी अंधाराची खोली होती का?"

"नाही. आमच्याकडे फक्त..." पालुपी थांबली. तिने मोबाइल काढला. "बाबा, आई कोठीत जाऊन काय करायची?"

पलीकडून सुदार्मोंचा आवाज आला, "रुसायची."

"बाबा, खरं सांगा."

पलीकडे खुर्ची सरकली. मग ते म्हणाले, "फिल्म भरायची गं. काळी-पांढरी. मला पहिल्यापासून माहीत होतं."

"मग आजीला सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर तुझी आजी चुलीपाशी गेली असती का? तिच्या हातचा फणस तुझ्या आईला फार आवडायचा. मलाही."

पालुपी हसली. हसता हसता तिने तोंड भिंतीकडे वळवले. इंतानने त्या वेळात बर्फ फोडायला घेतला आणि मुद्दाम जास्त आवाज केला.

तरीही तिने नुसत्या बोलण्यावर विश्वास ठेवला नाही, आणि हे मला फार आवडले. रोलच्या सुरुवातीचा, ज्यावर फोटो नसतो, असा नखाएवढा तुकडा तिने कापून हायपोत टाकला. हायपो फिल्मवरचा उरलेला मसाला काढून टाकतो. रंगीत फिल्म असेल तर तुकडा नारिंगी राहतो; कृष्णधवल असेल तर काचेसारखा होतो. दोघी भांड्यावर वाकल्या. तुकडा हळूहळू धुरकट झाला, मग स्वच्छ. त्यातून भांड्याचा तळ दिसू लागला.

"रंगीत मशीनमध्ये गेला असता तर?" पालुपीने विचारले.

"ते विचारू नका," इंतान म्हणाली. "बसा. मी धुते."

दुपारी ती ओली पट्टी तिने खिडकीत टांगली. पालुपी खालून वर बघत गेली: मिरच्यांचे ढीग, पाट्या, हात, एक झोपलेले मांजर. आणि अगदी शेवटी, थोड्या तिरक्या चौकटीत, टेम्पेवालीच्या पाटावर बसलेली मुर्तिनी. डोक्यावरची ओढणी घसरलेली, तोंडात घास, आणि कुणाला तरी काहीतरी सांगताना मोठ्याने हसणारी.

पालुपीने पट्टीला हात लावला नाही. ओल्या फिल्मला हात लावायचा नसतो, हे तिला ठाऊक होते. ती नुसती उभी राहिली.

घरी फोटो पाहून हार्नीआत्या बिथरल्या. "दात दिसतायत सगळे! घास तसाच तोंडात! मेलेल्या माणसाचा असा फोटो कुणी छापतं का?"

सुदार्मो फोटोकडे बघत म्हणाले, "ती मेल्यावर काढलेला नाहीये तो, हार्नी."

आत्यांनी फोटो पुन्हा हातात घेतला. थोड्या वेळाने त्यांनी एवढेच विचारले की ओढणी जरा वर घेता येईल का. नाही, असे पालुपीने सांगितले.

हजाराव्या दिवशी संध्याकाळी अंगणात चटया पसरल्या. पालुपीने मला खिडकीच्या कठड्यावर ठेवले होते, त्यामुळे मला सगळे दिसत होते. ज्याच्या हातात पुस्तिका जाई, तो आधी हसे. गंभीर चेहऱ्याने आलेली माणसे, टोपी सारखी करून बसलेली, मुखपृष्ठ बघत आणि हसत, मग शेजाऱ्याला दाखवत. कुणी म्हणाले, "अशीच बोलायची बघ, घास गिळायच्या आधी." प्रार्थना सांगणारे गृहस्थ सुरुवात करायचे थांबले आणि त्यांनी सगळ्यांचे हसून होऊ दिले. ही कोण, असे कुणीही विचारले नाही.

मागच्या रांगेत जुमिनाह होती. तिने एक पुस्तिका घेतली, मग आणखी एक, मग आणखी दोन. हार्नीआत्यांनी डोळे वटारले.

"मला लागतात," जुमिनाह ऐटीत म्हणाली. "हा मी काढलाय."

मित्रांनो, तुमच्याही घरात एखाद्या खणात न धुतलेला रोल असेल. माझ्यासारखा कुणीतरी त्याला अंधारात जपत असेल. पण आमच्या जपण्यालाही मर्यादा आहे. उकाडा आणि दमट हवा फिल्मला हळूहळू खातात. तेव्हा तो आजच बाहेर काढा. धुवायला देताना त्या माणसाच्या दोरीवरच्या निगेटिव्ह उजेडात धरून बघा, फिल्म परत मिळेल ना ते विचारा, आणि जो काही न विचारता रोल ठेवून घेतो, त्याच्याकडून उचलून आणा. जो तुम्हाला प्रश्नांनी भंडावतो, त्याच्यापाशी बसा. त्याच्या प्रश्नांना उत्तरे नसतील तर घरी फोन करा. ज्याला माहीत आहे तो माणूस अजून आहे, तोवर करा.