छताकडे वळवलेला फ्लॅश

पांढऱ्या रविवारी, म्हणजे मुलांच्या सणाला, गावातली सगळी पोरं पांढरे कपडे घालून चर्चमध्ये उभी राहतात, पाठ केलेल्या ओळी म्हणतात, आणि त्यांचे फोटो लाफाएले काढतो. तीस वर्षं तोच काढत आला. त्या ऑक्टोबरात त्याची नात लुपे पहिल्यांदा उभी राहिली. तीन वर्षांची पोर. दोन ओळी कशाबशा म्हणाली आणि आईच्या मांडीत पळाली.

घरी फोटो पाहिले तर लुपेचा उजवा डोळा लाल, डावा पांढरा. आत दुधाचा थेंब पडावा तसा.

"बाबा, हिच्या डोळ्यात काहीतरी आहे," त्याची लेक रूता म्हणाली.

"डोळ्यात नाही गं, माझ्या फ्लॅशमध्ये आहे. म्हातारा झालाय तो. अर्ध्या गावाचे डोळे लाल आलेत. पाद्रीबुवांचेसुद्धा. त्यांना नेऊ का डॉक्टरकडे?"

"लाल सगळ्यांचे आलेत. पांढरा हिचा एकटीचा."

"तीस वर्षं फोटो तू काढतेस की मी?"

रूता पोरीला दारातल्या उजेडात नेऊन डोळा बघत बसली. उद्या दवाखान्यात नेते म्हणाली. लाफाएले म्हणाला, "आधी फ्लॅश बदलतो. नव्यातही पांढरा आला, तर मीच घेऊन जाईन."

आपिया शहराच्या बाजाराजवळ आसुएरूचं कॅमेऱ्यांचं दुकान आहे. "काका, सोडलंत का शेवटी त्या म्हाताऱ्या फ्लॅशला?" तो हसला आणि दोन फ्लॅश काढून ठेवले. एक समोर प्रकाश टाकणारा, मजबूत, साधा. दुसऱ्याची मान वळायची.

"ह्याचं तोंड छताकडे करायचं. उजेड वरून उतरतो. सावल्या मऊ. सासूसुद्धा मायाळू दिसते."

"आणि डोळे?"

"समोरचा उजेड डोळ्यात शिरतो आणि आतून परत येतो, म्हणून लाल दिसतात. हा सरळ शिरतच नाही. डोळे काळेभोर."

लाफाएलेने तिथेच आसुएरूच्या बायकोचा फोटो काढून पाहिला. इतका देखणा उजेड त्याच्या हातून कधी पडला नव्हता. त्याने वळणारा घेतला.

घरी आल्याबरोबर लुपेला चटईवर बसवलं, फ्लॅशचं तोंड पांढऱ्या छताकडे केलं. दोन्ही डोळे काळे, पाणीदार आले.

"बघ," तो म्हणाला.

रूताने फोटो जवळ धरून पाहिला, लांब धरून पाहिला. मग हसली आणि पोरीचे पटापट मुके घेतले. दवाखान्याचं कुणी पुन्हा बोललं नाही.

फेब्रुवारीत लुपे डाव्या बाजूचा कोकोचा पेला सारखा सांडू लागली. मग डावा डोळा नाकाकडे वळला. आपियाच्या डॉक्टरीणबाईंनी खोलीत अंधार केला, सरळ डोळ्यात उजेड टाकून पाहिलं. तो पांढरा ठिपका म्हणजे आत वाढलेली गाठ होती. मायलेकींना ऑकलंडला पाठवलं. तिथे डोळा काढला. पण गाठ डोळ्यामागून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत उतरली होती.

तिकडून रूताचा फोन आला.

"बाबा, इथले डॉक्टर विचारतायत, पांढरं पहिल्यांदा कधी दिसलं. काय सांगू?"

आठवत नाही म्हणता आलं असतं. तो म्हणाला, "पांढऱ्या रविवारी. तू नेणार होतीस. मी थांबवलं."



"मला दिसलं होतं, बाबा," रूता म्हणाली. "तुमचा नवा फोटो पाहून इतकं बरं वाटलं, की मी पुन्हा बघितलंच नाही."

तिने ओरडावं, वाट्टेल ते बोलावं, म्हणून तो फोन कानाशी घट्ट धरून उभा राहिला. ती ओरडली नाही.

"डॉक्टर थांबलेत. तारीख काय होती?"

त्याने सांगितली. तिने ती हळूच एकदा म्हटली, लिहून घेताना म्हणतात तशी.