सिग्नेच्या दगडापाशी

सेल्मरने ट्रकची मागची फळी खाली पाडली, गवत कापायच्या मशीनला हात घातला आणि तसाच थांबला. खुब्यातून निघालेली कळ मस्तकात गेली होती.

"सरक बाजूला," इंगा म्हणाली. "एवढं हाड मोडलं, पण खोड काही मोडली नाही."

इंगा ही त्याच्या बायकोची, मार्गिटची थोरली बहीण. मार्गिटला जाऊन सहा वर्षं झाली होती आणि तेव्हापासून सेल्मरला रागावायचं काम इंगाने आपल्याकडे घेतलं होतं. वय अठ्ठ्याहत्तर, तरी मशीन तिने एकटीने उतरवलं.

टेकडीवरच्या या छोट्या दफनभूमीचं गवत सेल्मर चव्वेचाळीस वर्षं दर शुक्रवारी कापत आला होता, कुणी सांगितलेलं नसताना. एप्रिलमध्ये तो पडला, आणि नंतर तीन महिने इकडे कुणी फिरकलं नाही. गवत कमरेला लागलं होतं. उद्या रविवार. जुन्या चर्चची सगळी घरं बटाट्याचं सॅलड आणि ॲपल पाय घेऊन इथे जेवायला येणार, आणि जो तो माना हलवत म्हणणार की सेल्मर कामातून गेला. त्याला त्याचीच लाज वाटत होती. थकवा तर होताच. हल्ली तो झोपून उठला तरी थकलेलाच असायचा.

"आधी सिग्नेचा कोपरा," तो म्हणाला.

सिग्ने त्याची मुलगी. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी दोन दिवस जगली. तिचा दगड पावाएवढा, कुंपणालगत. तिथे त्याने मशीन कधी नेलं नाही. गुडघे टेकून कात्रीने कापायचा, एकेक पातं. आज दगड दिसतच नव्हता. त्याच्या डोक्याच्या वर हातभर उंच, खरखरीत दांडे तिथे उभे होते. दांड्यांवर बशीएवढी पिवळी फुलं, आणि फुलांवर मधमाश्या, भुंगे, नारिंगी फुलपाखरं यांची नुसती झुंबड.

"रान माजलंय माझ्या पोरीवर," तो म्हणाला. "दे ती कात्री."

इंगाने कात्री दिली नाही. तिने एका रुंद, फाटक्या पानाची कड बोटांत धरली. सगळी पानं एक धार उत्तरेला आणि एक दक्षिणेला करून उभी होती.

"होकायंत्राचं झाड आहे हे, कंपास प्लांट."

"दिसतंय मला. मार्गिटने पेरलं होतं इथे, रेल्वेच्या बांधावरून बी आणून. मग म्हणाली, बी पोकळ निघालं. हे यंदा कुठून आलं?"

"यंदा? अरे बाबा, हे पहिली कित्येक वर्षं जमिनीलगत नुसती पानं काढून बसतं. मूळ खाली जातं, तुझ्या दुप्पट. वरून कितीही कापा, मरत नाही. फक्त फुलत नाही."

सेल्मर दांड्यांकडे बघत राहिला. मग त्याने हात खिशात घातले.

"म्हणजे दर शुक्रवारी मी..."

"हो."

"तिला कळलं कसं नाही?"

इंगाला हे सांगायचं नव्हतं. इतकी वर्षं तिने सांगितलंही नव्हतं.

"दुसऱ्याच उन्हाळ्यात कळलं. छाटलेली पानं मुठीत घेऊन माझ्या घरी आली, रडत. मी म्हटलं, जाऊन सांग त्या ठोंब्याला. तर म्हणाली, 'पोर गेल्यापासून तो तिचं नाव घेत नाही. एक टिपूस काढलं नाही त्याने. आठवड्यातून एकदा तिच्याजवळ गुडघे टेकतो, तेवढंच. कापू दे त्याला.'"

"आणि फूल?"

"फुलाचं तिला फार वाटायचं. दर जुलैमध्ये माझ्या अंगणात हीच फुलतात, ती बघून जायची."

सेल्मरने सिग्नेचं नाव पुटपुटलं, अगदी हळू, सवय नसलेल्या माणसासारखं. वर मधमाश्यांची घूं घूं चालूच होती. मग त्याने विचारलं, "मग आता शुक्रवारी इथे येऊन मी करू काय?"

इंगाने ट्रकमधून उद्यासाठी आणलेली एक घडीची खुर्ची काढली आणि त्याच्या मागे उघडून ठेवली.