ग्लेनच्या बाजूचं अर्धं घोंगडं

मी अर्धं घोंगडं बोलतोय.

अर्धं म्हणून कीव करणार असाल तर आत्ताच उठा. कीव मला खपत नाही. मी जाड लोकरीचा आहे आणि टोचतो. जन्मापासून टोचतो. यंदाच्या उन्हाळ्यात तर ज्याच्या त्याच्या मांडीला मुद्दाम टोचलो.

मला विणलं ते सैनिकांसाठी. कोपऱ्यात आकडा छापला, गठ्ठ्यात बांधलं, आणि तेवढ्यात लढाई संपली. माझी कुणाला गरज उरली नाही. काही वर्षं एका गोदामात उंदरांच्या शेजारी पडून होतो. मग मर्ल नावाचा एक नवा नवरा आला. त्याने मला दोन्ही हातांनी ताणून पाहिलं आणि म्हणाला, "हे फाटायचं नाही."

गाढव कुठला!

मर्लची बायको आर्लीन. तिने मला एकदाच गालाला लावलं आणि लगेच लांब धरलं. "हे पांघरायचं? त्यापेक्षा साळिंदर घेऊन झोपेन मी." झालं. माझी रवानगी मर्लच्या सामान वाहायच्या मोटारगाडीत झाली. तिच्या पुढच्या फाटक्या बाकावर मी वर्षभर पसरलेला असायचो. उन्हाळा आला की बाहेर पडायचो.

आमच्या गावाला उन्हाळ्यात दोनच वेडं. शुक्रवारी टेकडीवर उघड्यावरचं नाटक आणि रविवारी नदीकाठच्या मैदानात बेसबॉल. दोन्हीकडे बाकं थोडी, ती पैसेवाल्यांची. बाकीच्यांनी उतारावर गवतात बसायचं आणि त्यासाठी घोंगडं टाकून जागा धरायची. भर दुपारी टाकायचं आणि आपापल्या कामाला निघून जायचं. संध्याकाळपर्यंत टेकडीवर नुसती घोंगडी, माणूस एक नाही. आमच्या गावात एकमेकांच्या कोंबड्या पळवणारे लोक आहेत, पण दुसऱ्याच्या घोंगड्याला कुणी बोट लावत नाही.

मात्र एक रीत होती. रंगमंचावर दिवे लागले किंवा मैदानात पहिला चेंडू पडला, की रिकामी जागा आपली राहत नाही. मागे उभा असलेला माणूस येऊन विचारणार, "जागा आहे का?" मग आपण सरकायचं, नाहीतर रिकामी बाजू दुमडून त्याला गवत मोकळं करून द्यायचं. नाही म्हणायचं नाही.

आमचं घोडं तिथेच पेंड खायला लागलं.

माझ्यावर बसायची जागा ठरलेली. उजवीकडे मर्ल, मग आर्लीन, मग धाकटा डॅरिल आणि डाव्या टोकाला थोरला ग्लेन. टोकाला, कारण सरबत आणायला उठायचं ते त्याने. मर्ल पहिल्याच अंकात घोरायला लागे. आर्लीन बुटांच्या खोक्यातून तळलेली कोंबडी आणि मिठाची पुडी काढी, माझ्याकडे संशयाने बघे आणि खाली रुमाल अंथरून मगच खोकं ठेवी. ग्लेनच्या कोपऱ्यावर मोहरीच्या चटणीचा एक पिवळा डाग आहे. तिने तो तीनदा घासला. गेला नाही. बरं झालं.

ग्लेन दोन्हीकडे ओरडायचा, पण उलटसुलट. नाटकात गावचा दंतवैद्य दरवर्षी खलनायक व्हायचा. त्याने नायिकेला फसवलं की ग्लेन उठून ओरडे, "पंच आंधळा आहे! पंचाला घरी पाठवा!" आणि रविवारी पंचाने आपला गडी बाद दिला की तोच ग्लेन छातीवर हात ठेवून दंतवैद्याचा आवाज काढी, "नीच माणसा, तुझी घटका भरली!" सगळा उतार हसायचा. आणि क्षणभराने डॅरिल तेच ओरडायचा. त्याच शब्दांत, त्याच आवाजात. चार वर्षांनी धाकटा होता. शाळा त्याला जमली नाही, पण ग्लेन त्याला पाठ होता.

पुढे दोघेही गावातल्या मक्याच्या कोठीवर कामाला लागले. पत्र्याची मोठी कोठी. तिथे त्यांच्याबरोबर म्हातारा डेल्बर्ट. हे तिघांचं काम. मका आत चिकटून घट्ट बसला, की एकाने कमरेला दोरी बांधून आत उतरायचं आणि तो मोकळा करायचा. दुसऱ्याने वर तोंडाशी दोरी धरून उभं राहायचं. तिसरा खाली, मका ओढणाऱ्या यंत्राच्या कळीशी. कळ डेल्बर्टची. आत उतरायचं आणि दोरी धरायची, या पाळ्या दोघा भावांच्या.

यंदा मार्चमधली एक सकाळ. गाडीत दोघेच, माझ्यावर बसलेले.

"यंदा टेकडीवर मी नॉर्माच्या घरच्यांबरोबर बसणार," ग्लेन म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे त्यांच्या घोंगड्यावर. मऊ आहे म्हणे."

"आणि आपलं?"

"अरे, लग्न करतोय मी. जन्मभर काय तुझ्या मांडीला मांडी लावून बसू?"

"नॉर्माच्या घोंगड्यावर बस, नाहीतर नॉर्माच्या बापाच्या डोक्यावर बस! थांबव गाडी."

"वेडा आहेस का? आज दोरीची पाळी तुझी आहे."

"दोरी पण नॉर्मालाच धरायला सांग!"

पुलाजवळ गाडी थांबली. डॅरिल उतरला, दार आपटलं आणि नदीकडे चालायला लागला. ग्लेनने खिडकीतून दोनदा हाक मारली. डॅरिलने मागे न बघता नुसता हात उडवला.

मी हे सगळं ऐकलं. बाकी कुणी ऐकलं नाही.

दोघांतच भागवू, असं ग्लेन म्हणाला असणार. तो तसाच होता. वर दोरी धरायला कुणी नव्हतं. तो आत उतरला, डेल्बर्टने यंत्र चालू केलं, मक्यावर धरलेली खपली फुटली आणि मका त्याला घेऊन खाली गेला. पत्रा कापून बाहेर काढेपर्यंत दुपार झाली होती. गाडी कोठीबाहेर तशीच उभी होती. मी बाकावर होतो, ग्लेनच्या डब्याखाली.

दफनभूमीवरून परतताना आर्लीन माझ्यावर बसली होती. तिने विचारलं, "डॅरिल, दोरी कुणाकडे होती रे?"

"मला काय माहीत? माझी पाळी नव्हती."

मी त्याच्याखाली होतो. दात असते तर चावलो असतो.

चौकशीत डेल्बर्ट एवढंच म्हणाला, "त्या दिवशी आम्ही दोघंच होतो. यंत्र मी चालू केलं." तेवढं गावाला पुरलं. म्हाताऱ्याने पोर गिळलं, म्हणाले. त्याचं काम गेलं. दुकानात तो शिरला की बोलणी थांबायची. आणि सगळ्यांच्या पुढे डॅरिल. "डेल्बर्टकाका, डेल्बर्टकाका" करत त्याच्या डब्यातला केक खाणारा हा पोरगा. एका संध्याकाळी गाडी उभी करून उतरला आणि म्हाताऱ्याच्या खिडकीत दगड घातला. परत येऊन माझ्यावर बसला. मी टोचलो. त्याला कळलंही नाही.

जूनचा पहिला शुक्रवार आला. मला वाटलं, यंदा आपण गाडीतच कुजणार. पण डॅरिल दुपारी टेकडीवर आला आणि त्याने मला पूर्ण पसरलं. चारही कोपऱ्यांवर दगड ठेवले. संध्याकाळी तिघे येऊन आपापल्या जागी बसले. डावं टोक मोकळं.

दिवे लागले. एक माणूस वाकून म्हणाला, "जागा आहे का?"

"नाही," डॅरिल म्हणाला.

"मग ही काय आहे?"

"तिथे एक जण बसलाय."

तो माणूस गप गेला. पण मागून कुणीतरी कुजबुजल्यासारखं करत मुद्दाम मोठ्याने म्हणालं, "माणसं तीन आणि अंथरूण चौघांचं!"

डॅरिल झेपावला. त्या बोलणाऱ्याची कॉलर, त्याच्या बायकोचं काकडीचं लोणचं, सगळं उतारावरून घरंगळलं. रंगमंचावर दंतवैद्य वाक्य विसरला. चौघांनी मिळून डॅरिलला मागे ओढलं.

"डॅरिल, दुमड ती बाजू," आर्लीन म्हणाली.

"नाही दुमडणार."

"बाळा, रीत आहे."

"रीत घाल चुलीत!"

मर्ल रंगमंचाकडे बघत राहिला. यंदा तो घोरत नव्हता. एवढाच फरक.

मैदानातही तेच. रविवारी पंचाने आमच्या गड्याला ढळढळीत चुकीचं बाद दिलं, अख्खा उतार ओरडला, आणि डॅरिलने तोंड उघडून मिटलं. तो नेहमी क्षणभर थांबून ओरडायचा ना. त्या क्षणाच्या आधी आता काहीच नव्हतं.

तिसऱ्या शुक्रवारी डेल्बर्ट आला. आधीचे दोन्ही शुक्रवार तो मागे झाडांखाली उभा होता. त्याचा एक गुडघा अधू आहे. दिवे लागल्यावर तो लंगडत खाली आला आणि आर्लीनसमोर उभा राहिला. टोपी काढली.

"आर्लीनबाई, जागा आहे का?"

आजूबाजूच्या लोकांनी नाटक बघायचं सोडून दिलं. आर्लीनने बुटांचं खोकं उचलून जवळ ओढलं.

"आहे," ती म्हणाली. "बसा."

"याला?" डॅरिल ओरडला. "ग्लेनच्या जागेवर याला बसवतेस?"

"विचारलं त्यांनी. नाही म्हणता येत नाही."

"यंत्र कुणी चालू केलं? ए डेल्बर्ट, सांग ना! सांग सगळ्यांना, कुणी चालू केलं!"

डेल्बर्टने डॅरिलकडे पाहिलं. त्याला वाटेल ते बोलता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. डॅरिलचे गुडघे माझ्यावर टेकले होते, म्हणून मला कळलं. पोरगा रागावला नव्हता, घाबरला होता. म्हाताऱ्याने आता तोंड उघडलं तर?

डेल्बर्टने उघडलं नाही.

मग डॅरिलने मला धरून हिसका मारला. कोपऱ्यावरचे दगड उडाले. पण दुसऱ्या बाजूने मर्लने मला धरलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्या माणसाने काहीतरी धरलं.

"सोड, डॅरिल."

"तुम्ही सोडा!"

"सोड म्हणतो ना!"

दोघेही माझ्यावरच ओढत होते. कुणाला वाटलं असेल, घोंगड्याला काय होतंय? मी मधोमध फाटलो. केवढा मोठा आवाज झाला. मर्ल हातातल्या अर्ध्याकडे बघत बसला. मोहरीच्या डागाची बाजू डॅरिलच्या मुठीत आली. ती घेऊन तो पळाला. ती मी.

त्यानंतर तो माझ्यावरच राहिला म्हणा ना. गाडीतच जेवायचा. घरी उशिरा, मागच्या दाराने. आर्लीन गाडीच्या खिडकीशी येऊन म्हणाली, "ते अर्धं दे, जोडते." त्याने काच वर केली.

ऑगस्टमधला रविवार. ऊन चढलेलं. मैदानाच्या अगदी कडेला, तारेच्या कुंपणाजवळ डॅरिलने मला टाकलं आणि एकटा बसला. अर्ध्यावर दोन माणसांची जागा असते. डाग असलेली बाजू त्याने मोकळी ठेवली होती.

सातव्या डावात सगळे उभे राहून आळस देतात, ही या खेळाची जुनी चाल. सगळे उठले. हा बसून राहिला. आणि त्या उभ्या पायांच्या गर्दीतून डेल्बर्ट आला.

"जागा आहे का?"

डॅरिल सरकला नाही. त्याने मला दुमडलंही नाही. डेल्बर्ट अधू पाय लांब करत माझ्या कडेपासून हातभर लांब, नुसत्या गवतात बसला. माझ्यावर बसला असता तर त्यालाही टोचलो असतो. वर कुणी नाही हे माहीत असून कळ दाबणारा तोच होता. त्याला मी माफ केलेलं नाही.

आठवा डाव सुरू झाला.

"त्या दिवशी का नाही सांगितलंस?" डॅरिल पुढे बघत म्हणाला. "टेकडीवर. मी आलो नव्हतो म्हणून."

"वर कुणी नव्हतं तरी मी यंत्र चालू केलं. ते माझं. ते मी सांगितलं," डेल्बर्ट म्हणाला. "तू आला नाहीस ते तुझं. ते मी कसं सांगू?"

"तो काही बोलला? माझ्याबद्दल?"

"म्हणाला, डॅरिल रुसलाय. संध्याकाळी त्याला माशाचं जेवण चारायला लागणार."

डॅरिलने मला दोन्ही मुठींत धरलं. एवढं घट्ट की माझी वीण सरकली. मग तो उठला, त्याने मला खांद्यावर टाकलं आणि खेळ अर्धा टाकून चालू लागला. निरोप नाही, काही नाही. म्हाताऱ्यानेही मान वळवली नाही.

आर्लीन घराच्या पुढच्या पायरीवर बसली होती. मांडीवर माझं दुसरं अर्धं. त्याची फाटकी कड ती सुईने बंद करत होती. मला पाहून तिने हात पुढे केला.

"आणलंस? दे इकडे. दोरा ओवलेलाच आहे."

डॅरिलने मला सोडलं नाही. सोडू नकोस, मी म्हणत होतो. शिवून झालं की लोक विसरतात, काय फाटलं होतं ते. पाच महिने भिजत पडलेलं घोंगडं आहे हे. आधी बोल, गाढवा!

"आई, दोरीची पाळी माझी होती. मी भांडून उतरलो होतो. पुलाजवळ."

सुई थांबली. आत मर्लच्या खुर्चीचा आवाज झाला, तोही थांबला.

"मार्चमध्ये विचारलं होतं मी तुला," आर्लीन म्हणाली. "डेल्बर्टला नव्हतं विचारलं. तुला विचारलं होतं."

"हो."

तिने सुई माझ्या दुसऱ्या अर्ध्यात खोचली आणि ते मांडीवरून पायरीवर ठेवलं. डॅरिल अजून उभा आहे. मी त्याच्या खांद्यावर आहे. त्याच्या मानेला टोचतोय, आणि या वेळी त्याला कळतंय.

मला जोडायची घाई कुणी करू नका. सुई तिच्याकडे आहे. कधी उचलायची ते तिचं तिला ठरवू द्या. आणि तू, डॅरिल, तोपर्यंत इथून हलू नकोस.