आक्कांच्या मसालेभाताची मूद

शरयूआक्कांनी पितळी वाटीत मसालेभात दाबून भरला, ताटात उपडी करून वाटी उचलली, आणि मूद पडली त्याच क्षणी स्वयंपाकघराचे चारही कोपरे गोल झाले. आक्कांनी मुदीवर खोबरं-कोथिंबीर भुरभुरली. वाटीला तूप नीट लागलं होतं, मूद कुठे फुटली नव्हती. त्यांना समाधान वाटलं.

"कोपरे गेले," पाटावर बसलेला मुकुंदा म्हणाला.

"केरसुणी पोचतच नव्हती तिथे. तू जेव."

मुकुंदा त्यांचा धाकटा भाऊ, वय अडुसष्ट. मिरजेतलं बिऱ्हाड मोडून तो आज मुलाकडे नागपूरला कायमचा निघाला होता. सामान मोटारीत भरलेलं, मोटार दारात उभी. तो गेला की आक्कांना 'आक्का' म्हणणारं गावात कुणी उरणार नव्हतं, आणि ते त्यांना मुळीच सोसत नव्हतं. पण रडून का कुणी थांबतं? माणूस थांबतो तो आग्रहानं. शिवाय त्यांच्या माहेरची रीतच होती, शेवटचा ताकभात झाल्याशिवाय पानावरून उठायचं नाही.

दुसऱ्या मुदीला दार भिंतीत मिटलं. इथे कधी दार होतं म्हणून सांगितलं असतं तरी कुणाला पटलं नसतं. तिसऱ्या मुदीला छत खाली आलं आणि घुमट होऊन थांबलं. ताकाचं भांडं अजून झाकलेलंच होतं.

"आक्का, ताकभात?"

"मसालेभात आहे अजून. तोंडली बघ कशी शिजलीत."

तोंडली खरोखरच छान शिजली होती. मुकुंदानं मांडी सैल केली.

खिडकी आता ताटाएवढी उरली होती. ड्रायव्हरनं तिच्यातून डोकं आत घातलं. "काका, निघूया की. रेल्वे चुकंल."

"ताकभात राहिलाय," मुकुंदा म्हणाला.

ड्रायव्हरनं डोकं वेळेवर काढून घेतलं, कारण आक्कांनी चौथी मूद पाडली आणि खिडकी वाटीएवढी झाली. पाचवीला ती लिंबाएवढी झाली. भिंती आक्कांच्या खांद्यांना येऊन टेकल्या, उबदार आणि तुपाचा हात फिरवलेल्या. इतकं बरं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. फक्त बाहेर मोटारीचं इंजिन चालू होतं, आणि त्या घरघरीनं त्यांचा जीव खालीवर होत होता.

सहावी वाटी भरून तयार होती. ती उपडी करायला मात्र हात धजेना. आग्रह वेगळा आणि कोंडून ठेवणं वेगळं, एवढं त्यांनाही कळत होतं.

"मुकुंदा, खरं सांग. ताक वाढू?"

खिडकीतून ड्रायव्हरचं बोट आत आलं होतं आणि घाईघाईनं हलत होतं. मुकुंदानं वाकून त्या बोटावर चिमूटभर मसालेभात ठेवला, वर एक काजू.

बोट बाहेर गेलं. थोड्या वेळानं इंजिन बंद झालं, आणि चाटूनपुसून स्वच्छ झालेलं ते बोट पुन्हा आत आलं.