अमेरिकेला पाठवलेलं पत्र

पूजा होऊन रोजच्या वाती वळून होईपर्यंत मी मौन पाळते. शेजारच्या चांगुणाबाईंना ते ठाऊक होतं. नव्व्याण्णव सालच्या जूनमध्ये एकदा त्या मुद्दाम सकाळीच आल्या आणि मला नाही म्हणता येत नसताना सगळं बोलून मोकळ्या झाल्या.

त्यांचा किशोर तोफखान्यात होता, तेव्हा कारगिलला. तीन आठवडे पत्र नव्हतं. टीव्हीवर एकच विषय. सरहद्दीच्या भांडणात बाहेरच्या कोणी मध्ये पडावं असं पलीकडचे म्हणत, आपलं सरकार नको म्हणे. चांगुणाबाईंचे यजमान भिमाजी, एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले, ठाम सरकारच्या बाजूचे. त्यावरून नवरा-बायकोत अबोला होता.

"ताई, मला कोणी बी चालंल. भांडण मिटवा आन् पोरगं घरी धाडा. तुमचं अक्षर चांगलं हे. अमेरिकेच्या अध्यक्षाला लिहून द्या. मराठीतच लिहा. एवढ्या मोठ्या हापिसात एखादं माणूस नाशकाचं असंलच."

तेवढ्यात देवळालीकडे सरावाची तोफ वाजली, खिडकीची काच थरथरली. एरवी आमच्याकडे कोणी तिकडे लक्ष देत नाही. चांगुणाबाईंनी बोलता बोलता हातात घेतलेला माझा वातींचा कापूस खाली पडला. मी कागद घेतला.

पत्र झालं. त्यांनी अंगठा उठवला आणि म्हणाल्या, "आईबापाचं दोघांचं पायजे. त्यांची सही झाल्याबिगर टाकू नका." मी ते देव्हाऱ्याखाली ठेवलं.

संध्याकाळी भिमाजी दारात आले. चांगुणाबाई तिथेच माझ्याकडे तांदूळ निवडत होत्या.

"वहिनी, हिला सांगा, दळण आणलंय."

"ताई, त्यांना सांगा, डब्यात वता."

"भाऊ," मी म्हटलं, "घरात मध्यस्थ चालतो वाटतं तुम्हाला?"

"घरचं वायलं, देशाचं वायलं," भिमाजी म्हणाले. मग मी पत्राचं सांगितलं. "फौजीच्या बापाचं नाव त्याच्यावर नको," एवढं बोलून ते गेले.

आणखी चार दिवस गेले. पोस्टमन रोज शेजारचं दार टाळून पुढे जाई. पाचव्या दिवशी दुपारी भिमाजी एकटेच आले.

"टाकलं का?"

"तुमच्या सहीवाचून नाही टाकायचं म्हणाल्यात."

त्यांनी चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं. पेन मागितलं आणि खाली स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली. 'सरहद्दीचं आमचं आम्ही बघू, तुम्ही फक्त गोळीबार तेवढा थांबवा.' त्याखाली सही, कंसात निवृत्त, एकलहरे.

"तिला बोलू नका," म्हणाले, आणि स्वतः जाऊन रजिस्टर करून आले. चांगुणाबाईंना मी पत्र गेल्याचं तेवढं सांगितलं. सहीचं त्यांनी विचारलं नाही.

जुलैच्या अखेरीला लढाई थांबली. पत्रामुळे नव्हे, हे कळण्याइतके शहाणे आम्ही होतो. तरी भिमाजी श्रावण संपेपर्यंत पोस्टमनकडे पोचपावती मागत होते.

किशोर दिवाळीला आला. फराळाला मला बोलावलं होतं.

"बापू, घाबरले होते का तुम्ही?" त्याने भिमाजींना विचारलं.

"मी? म्या कशाला घाबरू? तुझ्या मायला इचार."

चांगुणाबाई माझ्याकडे पाहत राहिल्या.

"काकू, खरं का?" किशोर हसत म्हणाला.

माझी पूजा केव्हाच झाली होती, वातीही वळून झाल्या होत्या. मी ओठांवर बोट ठेवलं आणि लाडू पुढे ओढला.