अप्पांचं मेंढरू

आमचे सासरे, बंडप्पा, वर्षभर शेतकरी असतात आणि एक रात्र राक्षस. अणदूरच्या यात्रेत गावातलीच माणसं खंडोबाचं नाटक करतात. त्यात मल्ल दैत्याचं काम माझ्या लग्नाच्या कितीतरी आधीपासून त्यांच्याकडं आहे. दुसऱ्या कुणी ते मागितलं नाही असं नाही, पण अप्पांसारखी आरोळी कुणाला जमत नाही. ही आरोळी नळदुर्गच्या किल्ल्यापर्यंत ऐकू जाते असं अप्पा सांगतात. तिथं उभं राहून ती कुणी ऐकली, ते मात्र सांगत नाहीत.

त्यांचा सगळ्यात गाजलेला संवाद असा: "मल्ल जागा झालाय! ढगांनो, वाट सोडा! डोंगरांनो, खाली बसा!" 'खाली बसा' म्हणताना ते गदा मंडपाकडं रोखतात, आणि मागं उभं राहून दाटी करणारी मंडळी खरोखरच खाली बसतात. आता गावात ही रीतच झाली आहे. लग्नात, ग्रामसभेत कुणी मध्येच उभं राहिलं की मागून कुणीतरी ओरडतंच, "डोंगरांनो, खाली बसा!" अप्पा तिथं असले तर मिशीला हात लावतात.

मी हे नाटक एकदाच पाहिलं, तेही अर्धं. माझा मुलगा योगीराज तेव्हा नुकता चालायला लागला होता. अप्पांनी आरोळी ठोकली आणि योगीनं असा हंबरडा फोडला की पेटीवाल्याचा सूर हलला. तो थांबेचना. शेवटी माईकवरून कुणीतरी म्हणालं, "त्या बाईंनी लेकराला भायेर न्यावं, नाटकाला अडचण हुतीय." सगळा मंडप माझ्याकडं बघत होता. स्टेजवर राक्षसही होता, म्हणजे लेकराचा आजा. त्यानंही एकवार पाहिलं आणि पुढचा संवाद म्हटला. एक शब्द चुकला नाही. मी पोराला उचलून अंधारातून घरी आले, आणि त्यानंतर यात्रेच्या रात्री आम्ही दोघं घरीच असतो. अप्पांशी मी यावर कधी बोलले नाही. भाकरी वाढताना मात्र त्या वर्षी ताट जरा जोरात आपटायचं.

योगी आता चौथीत आहे. तो फार बोलत नाही. बोलला तर ऐकलेलंच बोलतो, एसटीतल्या सूचना नाहीतर टीव्हीवरची पावडरची जाहिरात, अगदी त्याच सुरात. आवाज त्याला सोसत नाहीत. मिक्सर लावायचा तर मी आधी त्याला सांगते, मग लावते. अप्पा यात्रेआधी महिनाभर गोठ्यात तालीम करतात, तेव्हा तो आतल्या खोलीत कानांवर हात ठेवून भिंतीकडं तोंड करून बसतो. त्याचे ओठ हलत असतात. मला वाटायचं, मोजत असेल. त्याला आकडे आवडतात.

अप्पांना वाटायचं, हे सगळं माझे लाड. "नातवानं आज्याचं काम बघितलं न्हाय, असं घर तालुक्यात एकच असंल," असं ते म्हशीला सांगायचे, मला ऐकू जाईल अशा बेतानं. माझं मागणंही फार मोठं नव्हतं. माझ्या पोरानं एकदा, एखादं तरी नाटक शेवटपर्यंत बघावं आणि कुणी आम्हाला उठवू नये, इतकंच मला हवं होतं.

मग प्रीती मॅडम आल्या. त्या तालुक्यातल्या शाळांतून योगीसारख्या मुलांना शिकवतात, स्कूटीवरून फिरतात आणि डिकीत कायम काहीतरी खुळखुळत असतं. दिव्यांग दिनाला त्यांनी शाळेत नाटक करायचं ठरवलं. बाणाई धनगरणीचं एक मेंढरू हरवतं आणि सापडतं, एवढीच गोष्ट. पण नाटकाला स्टेज नाही, माईक नाही. मुलं गोधड्यांवर बसणार, नाटक त्यांच्या मधून फिरणार. भंडारा हुंगायचा, लोकर चाचपायची, घंगाळातल्या पाण्यात हात घालून नदी ओलांडायची. कुणी उठलं तर उठू द्यायचं, ओरडलं तर ओरडू द्यायचं.

हे ऐकून अप्पा म्हणाले, "मग त्याला नाटक कशाला म्हणायचं? बाजार म्हणा."

मॅडमना एक मोठं मेंढरू हवं होतं. घोंगडं पांघरून बसणारं, मुलांना रेलता येईल असं ऐसपैस. मी अप्पांचं नाव सुचवलं. खोटं कशाला बोलू, मला मजा बघायची होती.

"मेंढरू?" अप्पांनी तीनदा विचारलं. "म्या मल्ल हाय. मल्लानं मेंढरं खायची असत्यात, व्हायचं नसतंय."

सासूबाई, म्हणजे गिरिजाबाई, शेंगा फोडत होत्या. त्या वर न बघता म्हणाल्या, "करा की. नुसतं बसून खायाचं काम हाय. तुमाला सराव हाय."

अप्पा तयार झाले ते या टोमण्यानं नव्हे. मॅडम जाताना म्हणाल्या, "योगीपण असणार आहे, अप्पा." दुसऱ्या दिवशी ते धनगरवाड्यावरून घोंगडं घेऊन आले.

आता एकाच महिन्यात यात्राही होती आणि हेही. गोठ्यात सकाळी राक्षस आणि संध्याकाळी मेंढरू, अशी तालीम सुरू झाली. अडचण इतकीच होती की अप्पांना दोन्ही एकाच आवाजात यायचं. त्यांनी पहिल्यांदा 'बें' केलं तेव्हा शेजारच्या सिदूच्या शेळ्यांनी दावी तोडली. सिदू भांडायला आला, तर अप्पांनी त्याला विचारलं, "म्हंजे खरं वाटलं ना त्यास्नी?" मेंढराला एकही वाक्य नाही हे त्यांना पटेना. त्यांनी स्वतःच एक लिहिलं: "हे बाणाई माते, तुझ्यावाचून या चराचरात मला कोण?" मॅडमनी ते काढलं. दुसरं लिहिलं, तेही काढलं.

"अप्पा, तुम्ही फक्त बसायचं," मॅडम समजावत होत्या. "आपण मुलाकडं जायचं नाही. मूल आलं तर आलं, नाही आलं तर नाही. हाक मारायची नाही. आणि शेवटचं मूल उठल्याशिवाय मेंढरानं उठायचं नाही."

"आन् टाळ्या?"

"टाळ्या नाहीत. दचकतात मुलं."

अप्पा घरी येऊन माझ्यासमोर बसले. "नंदा," ते म्हणाले, "बोलायचं न्हाय, हलायचं न्हाय, टाळ्या न्हाईत. ह्यापरीस पोत्यात भुसा भरून ठिवला आसता तर काय वाईट हुतं?" मी म्हटलं, भुसा तुमच्याइतका उबदार नसतो. हे ऐकून ते जरा खूश झाले. मला मात्र आपण हे का बोललो याचा राग आला, कारण मी अजून त्यांच्यावर रुसलेली होते.

नाटकाच्या दिवशी वर्गातले बाक बाहेर काढले होते. आम्ही आया भिंतीला टेकून बसलो. कोपऱ्यात चादरींचा एक छोटा तंबू केला होता, ज्याला गर्दी नको त्याच्यासाठी. योगी कानांवर मोठे हेडफोन घालून सरळ त्या तंबूत गेला आणि सगळ्यांकडं पाठ करून बसला. कुणी त्याला वळवायला गेलं नाही.

नाटक सुरू झालं. प्रीती मॅडम बाणाई झाल्या होत्या. त्यांनी प्रत्येकाच्या तळहातावर भंडारा ठेवला. एका मुलीला दिसत नव्हतं, तिनं तो हुंगला आणि चाटलाही. चाकाच्या खुर्चीतला एक मुलगा घंगाळात दोन्ही हात घालून अशी नदी ओलांडू लागला की बाणाई चिंब झाली. मधोमध काळ्या घोंगड्याखाली अप्पा बसले होते. मुलं येत होती, घोंगडं ओढत होती, गळ्यातली घंटी वाजवत होती. भंडारा चाटणाऱ्या त्या मुलीनं हात आत घालून अप्पांची मिशी धरली आणि बराच वेळ सोडली नाही. राक्षसाची मिशी ती! पण मेंढरू हूं की चूं करेना. मी लग्न झाल्यापासून अप्पांना इतका वेळ गप्प पाहिलं नव्हतं. सासूबाई माझ्या कानात म्हणाल्या, "झोपलं का काय बघ."

ते झोपले नव्हते. घोंगड्याच्या फटीतून त्यांचे डोळे त्या तंबूकडं लागले होते.

योगी आला नाही. मेंढरू हरवलं, सापडलं, सगळ्यांनी लोकर कुरवाळली, बाणाईनं सगळ्यांना खोबरं दिलं. मुलं एकेक करून आयांकडं गेली. योगी तंबूत पाठमोराच होता. मला रडू येत होतं आणि मी ते दाबत होते. तेवढ्यात मुख्याध्यापक शाल आणि नारळ घेऊन उभे राहिले. भला माणूस, पण सत्काराशिवाय त्यांना कार्यक्रम संपल्यासारखा वाटत नाही.

"तर आता आभारप्रदर्शन आणि बंडप्पांचा सत्कार," ते म्हणाले. "तेवढं तंबूतलं लेकरू जरा बाहेर न्या. फोटोत मधी येतंय."

मी उठायलाच निघाले. पायांना सवय होती. तेवढ्यात घोंगड्यातून एक हात बाहेर आला, भंडाऱ्यानं पिवळा झालेला.

"थांबा, गुर्जी," मेंढरू म्हणालं. इतक्या हळू की ते अप्पाच बोलले यावर विश्वास बसेना. "शेवटचं लेकरू हाय अजून. नाटक संपलं न्हाय. नंदा, तू बस गं."

मी बसले. इतकी वर्षं मी या एका वाक्याची वाट पाहत होते, हे मला ते ऐकल्यावर कळलं. डोळे पुसायला पदर घेतला तर त्यालाही भंडारा लागलेला होता.

गुरुजी शाल हातात घेऊन तसेच थांबले. बऱ्याच वेळानं योगी मागं वळला. त्यानं हेडफोन गळ्यात उतरवले आणि रांगत, कुणाकडंही न बघता, घोंगड्यापाशी आला. कड उचलून आत शिरला. आता घोंगड्याला दोन उंचवटे झाले, एक थोरला आणि एक धाकटा.

आणि आतून आवाज आला. बारीक, पण अगदी स्पष्ट.

"मल्ल जागा झालाय."

सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला.

"ढगांनो, वाट सोडा."

तोच सूर, तेच थांबणं, 'वाट'वर तोच झोक, फक्त आरोळी नाही. गोठ्यातली एकेक तालीम त्या पोरानं भिंतीकडं तोंड करून पाठ केली होती, आणि मी समजत होते मोजतोय.

"डोंगरांनो, खाली बसा."

गुरुजी खाली बसले. शाल-नारळासकट, गोधडीवर. दारात उभ्या असलेल्या दोन-चार बाया बसल्या. प्रीती मॅडम बसल्या. कुणी हसलं नाही.

"बें," मेंढरू म्हणालं. ते खरोखर भ्यालेलं वाटत होतं.

योगीला ते आवडलं असावं, कारण त्यानं राक्षसाचं सगळं काम म्हणायला घेतलं. खंडोबाला आव्हान, भाऊ मणीचा मृत्यू, शेवटची शरणागती. जिथं श्वास घ्यायचा तिथं मेंढरू हळूच 'बें' करायचं आणि राक्षस पुढं जायचा. आम्ही सगळे बसून ऐकत होतो. मला इतक्या वर्षांत त्या नाटकाचा शेवट माहीत नव्हता, तो त्या दिवशी कळला. शेवटी राक्षस मेला. योगी घोंगड्यातून बाहेर आला, माझ्यापाशी आला आणि म्हणाला, "खोबरं."

अप्पा त्यानंतर उठले. केसांत लोकर, मिशीवर भंडारा, डोळे लाल. गुरुजींनी शाल पुढं केली, तर त्यांनी ती योगीच्या दिशेनं वळवली. योगीला शाल टोचली, म्हणून ती परत अप्पांच्या खांद्यावर आली.

घरी जाताना रिक्षात मी म्हटलं, "अप्पा, मेंढरू छान झालं."

"मेंढराचं ऱ्हाऊ दे गं," अप्पा बाहेर बघत म्हणाले. घसा खाकरून त्यांनी विचारलं, "राक्षस कसा झाला?"

योगी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून घंटीचा दोरा चघळत होता. उत्तर सासूबाईंनी दिलं.

"तुमच्यापरीस लई चांगला," त्या म्हणाल्या. "लेकरू रडलं न्हाय."

मला वाटलं, आता अप्पा चिडणार. पण त्यांनी योगीच्या केसांतली लोकर काढली आणि म्हणाले, "व्हय. खरं हाय."