जिराफला चेंडू दिला नाही

डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांनी आधी माझ्याकडे नाही, बाकावर बसलेल्या मुलींकडे पाहिलं. मुलींनी माना खाली घातल्या. त्यावरून मी ओळखलं की यांना सगळं कळून चुकलंय, मलाच तेवढं सांगायचं राहिलंय.

"तुम्ही बाईंचे मिस्टर का?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो."

ते जे बोलले ते मी ऐकून घेतलं. मग मुलींकडे गेलो. माझी बायको कॉलेजात बास्केटबॉल शिकवायची आणि या तिच्या टीममधल्या मुली. सगळ्या खेळाच्या कपड्यांत, पायांत बूट, गुडघ्यांना धूळ.

"तुम्ही इथे कशा?" मी विचारलं. "बाई तर फिरायला गेल्या होत्या."

एकजण बुटाची नाडी बांधायला वाकली.

"तुमची प्रॅक्टिस संध्याकाळी असते ना? मग सकाळी सकाळी हा अवतार?"

त्यांच्यातली सगळ्यात उंच मुलगी, जिला सगळे जिराफ म्हणतात, ती हुंदके द्यायला लागली. तिच्या शेजारची बुटकी मुंगी उठून म्हणाली, "लिफ्टकाका, पाणी आणू का?"

मला पाणी नको होतं. या पोरी माझ्यापासून काहीतरी लपवताहेत, हे त्या दिवशी डोक्यात बसलं ते बसलंच.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. लिफ्ट कुरकुरत असली की मी निर्धास्त असतो, कारण काय दुखतंय ते ती स्वतःच सांगत असते. पण कुरकुर आपोआप थांबली की मी वर चढून सगळं उघडून बघतो. बायको म्हणायची, "तुम्हाला काही सरळ चाललेलं बघवतच नाही." ती वारल्यावर आठवडाभराने मी कामावर गेलो, तेव्हा मालक माझ्याशी गोड बोलला. मला त्याचाही संशय आला.

तिची टीम वर्षानुवर्षं कुरकुरतच होती. रोज जेवताना तीच रड. "चार जणी चेंडू पळवत नेतात आणि जिराफच्या हातात देतात. जिराफ टाकते. जिराफला सर्दी झाली की आम्ही सगळे आजारी." मी म्हणायचो, "मग दुसरीला टाकायला सांग की." ती म्हणायची, "सांगून होत असतं तर तुमच्या चपला जागेवर नसत्या का?"

सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे नदीपलीकडचं कॉलेज. तिथली कोच ही बायकोची जुनी मैत्रीण. दोघी एकाच टीममधून खेळलेल्या. मैत्रिणीला सगळे भिंत म्हणायचे, तिला ओलांडून कोणी जात नसे. बायको काटकुळी आणि टोचून बोलणारी, म्हणून ती टाचणी. टाचणीची टीम भिंतीच्या टीमकडून दर वर्षी हरायची. भिंत दोन मुली जिराफच्या अंगावर सोडायची आणि बाकीच्यांकडे बघायचीसुद्धा नाही. सामना तिथेच संपायचा.

बायको गेल्यावर भिंत भेटायला आली. खुर्चीत मावेना एवढी मोठी बाई, पण लहान मुलीसारखी रडली.

"भाऊजी," ती म्हणाली, "टाचणी एकदा तरी जिंकायला हवी होती हो माझ्याशी. एकदा तरी."

मी मान हलवली. वाक्य मात्र लक्षात ठेवलं.

त्यानंतर महिन्याभरात या दोन टीमचा सामना आला. मी जाणार नव्हतो. बायकोच्या हाताखालचे धाकटे सर घरी आले आणि म्हणाले, "काका, मुलींना बरं वाटेल." म्हणून गेलो. सगळ्यात मागे, जिन्याजवळ बसलो, म्हणजे मध्येच उठून जाता येईल.

सामना सुरू झाला आणि मला आपली टीमच ओळखू येईना. जिराफ रिंगखाली उभीच राहिली नाही. ती जाऊन कोर्टाच्या कोपऱ्यात उभी राहिली, जणू बस यायची वाट बघतेय. भिंतीच्या दोन मुली नेहमीप्रमाणे तिला चिकटल्या. इकडे बाकीच्या चौघींसमोर तिघीच उरल्या. मुंगीने चेंडू घेतला, आत शिरली आणि टाकायच्या ऐवजी मागे दिला. मागचीने डावीकडे दिला. डावीकडे एक चष्मेवाली होती. तिने वर्षभर टॉवेल आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळल्या होत्या. तिने शांतपणे टाकला. बास्केट.

मग मुंगीचा एक. मग परत चष्मेवालीचा. एक जाडसर मुलगी होती, जिच्याबद्दल बायको म्हणायची की हिला चेंडू दिला की ही आधी माफी मागते. ती भिंतीच्या मुलींच्या खांद्यांवरून हात घालून रिंगवरून उसळलेला चेंडू ओढत होती. राखीव बसलेल्या मुली आत आल्या, त्यांनीही टाकले. जिथे एकीचा पाय घसरला तिथे दुसरी हजर. कोणी ओरडत नव्हतं. कुठे खडखडाट नाही, धक्का नाही. लोक टाळ्या वाजवत होते आणि मी कुठे काय सुटलंय ते शोधत होतो. अशी गुळगुळीत चालणारी टीम माझ्या बायकोची नव्हती.

माझ्या पुढे एक गृहस्थ बसले होते. खेळातलं त्यांना माझ्याएवढंच कळत असावं. मध्यंतरानंतर तेसुद्धा ओरडायला लागले, "अहो बाई, सोडा त्या उंच मुलीला! ती टाकतेय कुठे!"

भिंतीला हे दिसत नव्हतं? जन्म गेला तिचा या खेळात. तिने एकीलाही कोपऱ्यातून हलवलं नाही. शेवटी शेवटी तिच्याकडे टाइमआउट शिल्लक होता, तोही मागितला नाही. हाताची घडी घालून बसून राहिली. आपली टीम चांगल्या फरकाने जिंकली. भिंत उठली, आमच्या एकेका मुलीला जवळ घेतलं आणि डोळे पुसले.

मी जिन्याने खाली उतरलो.

धाकटे सर धावत आले. "काका, जिराफ सोडून सगळ्यांचे गुण झाले! एकजण सुटली नाही! असा खेळ मी या टीमचा पाहिला नव्हता."

"मीही नाही," मी म्हणालो.

"पुढच्या आठवड्यात कार्यक्रम आहे. या सामन्याची ढाल बाईंच्या नावाने तुमच्या हातात द्यायची ठरलीय. दोन शब्द बोला."

मी बघतो म्हणालो. दया म्हणून दिलेली ढाल तिच्या नावाने घ्यायची, आणि वर भाषण करायचं? तिने ती मला घरात आणू दिली नसती.

रात्री माझ्या मुलीचा फोन आला. ती लग्न होऊन दुसऱ्या गावी असते.

"बाबा, ऐकलं मी! आईची टीम जिंकली! भिंतमावशीला हरवलं!"

"हरवलं की तिने जिंकू दिलं ते बघायला पाहिजे."

"म्हणजे?"

मी सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही आनंदाचासुद्धा नटबोल्ट उघडून बघता."

"उघडल्याशिवाय कळत नाही."

"मग जा आणि मावशीलाच विचारा. पण चहा पिऊन मग विचारा. नाहीतर चहाही मिळायचा नाही."

भिंतीच्या बिल्डिंगची लिफ्ट माझ्याकडेच आहे. सुट्टीच्या दिवशी हत्यारांची पिशवी न घेता गेलो. तिने दार उघडलं आणि म्हणाली, "भाऊजी, लिफ्ट तर चालू आहे."

"लिफ्टसाठी नाही आलो."

तिने चहा केला. मुलीने सांगितल्याप्रमाणे मी आधी प्यायलो. मग कप खाली ठेवून म्हणालो, "तुम्ही सामना सोडलात का?"

तिला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिचा चेहरा लाल झाला.

"परत बोला."

"तुम्हीच म्हणाला होतात, टाचणी एकदा तरी जिंकायला हवी होती. जिराफवरच्या दोघी तुम्ही हलवल्या नाहीत. टाइमआउट घेतला नाही. पुढच्या रांगेतल्या माणसाला कळत होतं ते तुम्हाला कळलं नाही?"

"उठा," ती म्हणाली. "नाही, बसा. ऐकून जा. माझ्या पोरी त्या रात्री जेवल्या नाहीत. माझी कॅप्टन दोन दिवस झाले माझ्याशी बोलत नाहीये. आणि तुम्ही माझ्या घरी बसून, माझा चहा पिऊन, मला सांगताय की मी हे मुद्दाम केलं? टाचणी असती तर थोबाडीत दिली असती तुमच्या!"

"मग हलवलं का नाहीत?"

ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

"कारण मी मूर्ख," ती म्हणाली. "मी म्हटलं, आत्ता घाबरतील आणि तिलाच देतील. दर वर्षी देतात. दोन बास्केट गेले, मी म्हटलं, पुढचा चेंडू जिराफला. मध्यंतरातही माझ्या मुलींना हेच सांगितलं. कोच मेली, आता यांचं डोकं चालवणार कोण, असं धरून चालले होते मी. शेवटी टाइमआउट होता हातात. पण घेऊन सांगू काय? उभ्या आयुष्यात पहिल्यांदा मला सांगायला काही नव्हतं."

ती परत माझ्याकडे वळली.

"आणि हे असं महिन्याभरात बसत नाही, भाऊजी. चष्मेवाली बघितलीत? चेंडू येण्याआधी तिचे पाय वळलेले असायचे. हे टाचणीने घोटून घेतलंय. कितीतरी महिने. कधी घेतलंन?"

"मला नाही माहीत. संध्याकाळी तर नेहमीचीच प्रॅक्टिस."

"तुम्हाला सांगितलं नाही?"

"नाही."

तिला या अवस्थेतही हसू आलं. "नाहीच सांगणार. इथे लिफ्टला आलात की मी नुसतं विचारायचे, काय म्हणते टीम? तुम्ही म्हणायचात, ठीक. आणि तुमच्या तोंडाकडे बघून मला कळायचं, जिराफचा पाय दुखतोय की मुंगी रुसलीय. जगावर संशय घेता, पण तुमच्या स्वतःच्या तोंडावर सगळं लिहिलेलं असतं."

मी घरी आलो. तरी माझा पूर्ण विश्वास बसला नव्हता. हरलेला माणूस चिडतो हे खरं. पण मुद्दाम हरलेला माणूससुद्धा पकडला गेला की चिडतो. दुसऱ्या दिवशी सकाळी, बायको ज्या वेळेला फिरायला म्हणून निघायची त्या वेळेला, मी कॉलेजात गेलो.

कोर्टावर मुली होत्या. मला बघून चेंडू थांबला.

जिराफ पुढे आली. मी तिला विचारलं, "रोज सकाळी इथेच यायच्या का बाई?"

"हो काका."

"फिरायला जाते म्हणायची. हृदयाचं दुखणं म्हणून डॉक्टरांनी फक्त चालायला सांगितलं होतं. धावायचं नाही, ओरडायचं नाही."

"त्या धावायच्या नाहीत," मुंगी मध्येच म्हणाली. "ओरडायच्या मात्र."

"गप गं," जिराफ म्हणाली. मग माझ्याकडे न बघता बोलली, "आम्हाला बाईंनी शपथ घातली होती, घरी कळू द्यायचं नाही. त्या दिवशी इथेच पडल्या त्या. दवाखान्यात तुम्ही विचारलंत तेव्हा सांगता नाही आलं. वाटलं, तुम्ही म्हणाल आमच्यामुळेच गेल्या."

मी तसं म्हणालो असतो. त्या दिवशी नक्की म्हणालो असतो.

"काय शिकवायची?" मी विचारलं.

"मला चेंडू द्यायचाच नाही, हे." जिराफने नाक पुसलं. "पहिले दोन महिने मी घरी जाऊन रडायचे. मला वाटायचं बाई माझ्यावर चिडल्यात. चेंडू माझ्याकडे आला की शिट्टी. परत पहिल्यापासून. आणि मी नुसती कोपऱ्यात. त्या म्हणायच्या, तू उभी राहशील तिथे दोघी येतील, एवढंच तुझं काम. तू हललीस की ह्या चौघी परत लुळ्या होतील."

"आणि सामन्यात तुला राहवलं?"

"दोनदा हात पुढे केला होता. मुंगीने दिला नाही."

"देणारच नव्हते," मुंगी म्हणाली.

मी कोर्टाच्या कडेला बसलो. त्यांनी मला करून दाखवलं. दोघी जिराफवर गेल्या, बाकीच्यांनी चेंडू फिरवला, चष्मेवालीचे पाय आधीच वळले. भिंत खरं बोलली होती. सामना कोणी सोडलेला नव्हता. तो माझ्या बायकोने जिंकला होता आणि मला पत्ता लागू दिला नव्हता. मला तिचा राग आला. ती गेल्यापासून पहिल्यांदाच आला, आणि बरं वाटलं.

"आणि समोरच्यांना हे कळलं तर?" मी विचारलं. "दोघी जिराफकडे गेल्याच नाहीत तर?"

मुलींनी एकमेकींकडे पाहिलं.

"ते बाई दुसऱ्या दिवशी सांगणार होत्या," जिराफ म्हणाली. "म्हणाल्या, अर्धं झालं, खरं अवघड तर पुढेच आहे. उद्या वेळेवर या. आणि मग जरा बसते म्हणाल्या."

ढाल घ्यायला येतो, असं मी धाकट्या सरांना कळवलं. भाषण करणार नाही हेही कळवलं.

परतीचा सामना दोन महिन्यांनी आहे, भिंतीच्या कोर्टावर. या वेळी ती जिराफच्या अंगावर दोघी सोडणार नाही. मग काय करायचं, हे मुलींना माहीत नाही, धाकट्या सरांनाही माहीत नाही. ते शिकवायचं राहून गेलं आहे.